अल्सर टेन्शनमुळे होतो, हे आलं कुठून?

पोटात जळजळलं की आपल्याकडे "पित्त झालंय", आणि अल्सर निघाला की "टेन्शन घेतोस फार, तिखट बंद कर". (तसं बघितलं तर पित्त यकृतात तयार होतं, जळजळ करणारं ते जठरातलं ॲसिड, पण बोलताना सगळं पित्तच.) पण ही समजूत काही नुसती घरातल्या मोठ्यांची नाही, कित्येक वर्षं डॉक्टरसुद्धा हेच सांगायचे.

सुरुवात अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, ६ जून १८२२ ला. ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या पोराला चुकून बंदुकीची गोळी लागली, वाचला, पण पोटाला पडलेलं भोक काही बुजलं नाही. आर्मीचे सर्जन विल्यम ब्यूमाँट यांनी मग त्या भोकातून दोऱ्याला बांधलेलं मांस, पाव, कोबी आत सोडायचं आणि तासातासाने ओढून बघायचं असं सुरू केलं. बिचाऱ्याचे काय हाल झाले असतील! पण जठररस बाहेर बाटलीतसुद्धा मांस विरघळवतो हे त्यातूनच दिसलं. शिवाय माणूस चिडला की जठराच्या अस्तराचा रंग बदलतो हेही त्यांनी लिहून ठेवलं, म्हणजे मन आणि पोट यांची जोडी तेव्हापासूनची.

पुढे १९१० मध्ये कार्ल श्वार्त्स यांनी 'ॲसिड नाही तर अल्सर नाही' असं मांडलं आणि सगळे ॲसिडच्याच मागे लागले. दूध प्या, मऊ खा, नाहीतर ऑपरेशन. १९७० च्या दशकात सिमेटिडीन नावाचं औषध आलं, ॲसिड कमी व्हायचं, पण गोळी थांबवली की अल्सर परत हजर.

इतक्या ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही असं सगळे धरून चालले होते ना, पण १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या डॉ. रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यात वाकडे जंतू दिसले. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले पण लॅबमध्ये जंतू वाढेचनात, कारण जंतू वाढवायच्या प्लेटा दोन दिवसांत फेकून द्यायचे. १९८२ च्या ईस्टरला सुट्टी लांबली, प्लेटा पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवले! हेलिकोबॅक्टर पायलोरी, हा अस्तरावरच्या चिकट थरात लपतो आणि युरियापासून अमोनिया बनवून आपल्याभोवतीचं ॲसिड मारतो. तरी लोक मानेनात म्हणून मार्शल १९८४ मध्ये ते जंतू स्वतःच प्यायले. काही दिवसांत उलट्या, तोंडाला वास, आणि एंडोस्कोपीत जठराला सूज. अल्सर नाही झाला हं, सूजच, पण मुद्दा कळला. तरी अँटिबायोटिक द्या असं अमेरिकेत अधिकृतपणे ठरायला १९९४ उजाडलं, आणि दोघांना नोबेल २००५ मध्ये.

पेनकिलर हे दुसरं मोठं कारण. गुडघे दुखतात म्हणून रोज गोळी घेणारी माणसं घरोघरी आहेत, पण शिव्या खायला मात्र ठेचाच.