चावी फिरवल्यावरची दोन सेकंदं

पेट्रोल गाडीची चावी ‘ऑन’वर आणा, पण लगेच स्टार्टर मारू नका. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून ‘ऊंऽऽ’ असा बारीक आवाज येतो आणि दोनेक सेकंदांत थांबतो. तो टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेल्या पंपाचा आवाज. इंजिनापर्यंतच्या नळीत तो साधारण 3 ते 4 बार दाब तयार करतो, टायरमधल्या हवेपेक्षा जास्त.

पण पेट्रोल पोचवणं सोपं. कसोटी लागते ती मोजताना. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. लिटरभर पेट्रोलला जवळपास 9000 लिटर हवा! पेट्रोल जास्त झालं की काळा धूर, कमी पडलं की गाडी झटके खाते.

जुन्या मारुती 800मध्ये हे माप कार्बोरेटर सांभाळायचा. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि त्या ओढीने बारीक जेटमधून पेट्रोल आपसूक वर येतं. ना वीज, ना संगणक. मला आजही या युक्तीचं अपार कौतुक वाटतं. मात्र थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. नाशिकला डिसेंबरच्या सकाळी बाबा आधी चोक ओढायचे, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचे, आणि इंजिनाचा सूर ऐकत तो हळूहळू आत ढकलायचे.

पुढे धुराचे नियम कडक झाले. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचं मिश्रण अगदी अचूक लागतं; कार्बोरेटरला ते झेपेना. आता आत आलेली हवा आणि इंजिनाचं तापमान पाहून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडायचा. इंजेक्टरची सुई उचलली जाते जेमतेम केसाच्या जाडीइतकी. काही मिलिसेकंद फवारा, की बंद. 3000 आरपीएमला प्रत्येक सिलिंडरसाठी हे सेकंदाला 25 वेळा! बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन एक सेन्सर तपासत असतो आणि त्यावरून पुढच्या फवाऱ्यांची वेळ जराशी कमी-जास्त होते.

पंपाला थंड ठेवतं ते टाकीतलं पेट्रोलच. मला मात्र वर्षानुवर्षं रिझर्व्हवर गाडी दामटायची सवय. एकदा कसारा घाटात गाडी बंद पडली. चावी फिरवली, पण तो ‘ऊं’ काही आला नाही. मेकॅनिकने काढलेला पंप माझ्या हातात दिला, तेव्हा त्याच्या तळाची जाळी गाळाने काळीकुट्ट झाली होती.