फॅक्टरीत बसलेलं की डीलरनं बसवलेलं? जुन्या सहा सिलिंडर होल्डनवरचं 'ओरिजिनल' सामान

जुन्या ऑस्ट्रेलियन होल्डनच्या जाहिरातीत 'सगळं ओरिजिनल, अस्सल होल्डन ॲक्सेसरीजसह' असं वाचलं की दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या आहेत हे समजावं. असेंब्ली लाइनवर गाडीत बसलेला भाग ही एक गोष्ट. कंपनीच्याच खोक्यातून आलेला, पण गाडी डीलरकडे पोहोचल्यावर तिथल्या फिटरनं ड्रिल मारून बसवलेला भाग ही दुसरी. सामान दोन्हीकडे अस्सल असतं. भाव आणि स्पर्धेतले गुण मात्र बऱ्याचदा सारखे नसतात, आणि सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडे नवी गाडी घेताना डीलर सीट कव्हर, मडफ्लॅप, मॅट चढवून देतो, तसाच तो प्रकार. 29 नोव्हेंबर 1948 रोजी पहिली होल्डन, 48-215, बाजारात आली. तिला आणि पुढच्या मॉडेलांना लागणाऱ्या जादा सामानाची विक्री जनरल मोटर्स-होल्डनचा 'नॅस्को' हा विभाग करायचा. हीटर, रेडिओ, काच धुण्याचा पंप, कुलपाचं पेट्रोल झाकण, काचेवरचा बाहेरचा सनव्हायझर, मागच्या काचेला पट्ट्यांचे पडदे: यादी लांबलचक होती. नॅस्कोचं खोकं हातात असलं म्हणजे भाग अस्सल आहे एवढं सिद्ध होतं. तो याच गाडीवर, आणि फॅक्टरीत, बसला होता हे त्या खोक्यातून कळत नाही.

सर्वांत जास्त घोळ हीटरचा. 1962 च्या ईजेपासून (ईजे, ईएच, एफजे, एचडी ही होल्डनच्या मॉडेलांची नावं) होल्डननं प्रीमियर हे वरचं मॉडेल आणलं. त्यात लेदरच्या सीट, मेटॅलिक रंग आणि हीटर मूळ किमतीतच मिळायचा. त्याच काळातल्या स्पेशलला हीटर हवा असेल तर वेगळे पैसे. म्हणून 1963 च्या ईएच प्रीमियरमध्ये हीटर नसेल तर गाडी अपुरी, आणि स्पेशलमध्ये असेल तर ती भर. आधी फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरची) बॉडी प्लेट वाचा. 215 म्हणजे स्टँडर्ड, 225 म्हणजे स्पेशल, 235 म्हणजे प्रीमियर. त्या प्लेटवर मॉडेल, बॉडी नंबर, रंग आणि अंतर्गत सजावटीचा कोड असतो. ॲक्सेसरीजची नोंद नसते. 'प्लेटवर लिहिलेलं नाही, म्हणजे डीलरनं बसवलं' हा युक्तिवाद त्यामुळे तितकाच लंगडा आहे, जितका 'खोकं नॅस्कोचं, म्हणजे फॅक्टरीचं' हा.

मग बघायचं काय? भोक. प्रेसमध्ये पाडलेलं भोक रंगाच्या आधीचं असतं. त्याची कड एकसारखी असते, आत प्रायमर आणि गाडीचा रंग उतरलेला दिसतो. डीलरच्या ड्रिलचं भोक रंगानंतरचं. कडेला बर (ड्रिलनं उचललेली पत्र्याची धारदार कड) उभा राहिलेला, कधी ड्रिल घसरल्याचा ओरखडा, आत उघडा पत्रा आणि त्याभोवती गंजाचं कडं. पुष्कळदा वर ब्रशनं फासलेला रंगही दिसतो. भाग सोडवून तिरक्या टॉर्चच्या उजेडात आणि छोट्या आरशानं मागच्या बाजूनं पाहा. समोरून सगळीच भोकं निरागस दिसतात.

पण इथेच जाणकारही फसतात. स्वस्त आणि महाग मॉडेलांची बॉडी मुळात एकच. त्यामुळे वरच्या मॉडेलला लागणारं भोक खालच्या मॉडेललाही पाडलेलं असू शकतं, वर फक्त झाकणपट्टी किंवा रबरी बूच. डीलरचा फिटर ते बूच काढून हीटर त्याच भोकात बसवायचा. अशा वेळी भोक फॅक्टरीचं असलं, तरी हीटर फॅक्टरीत बसलेला असेलच असं नाही. तेव्हा निकाल वायरवर. लाइनवर बसलेल्या हीटरच्या पंख्याची वायर मुख्य हार्नेसच्या (गाडीच्या वायरांच्या जुडग्याच्या) गुंडाळीतूनच फुटते, तिचा रंग वायरिंगच्या नकाशाशी जुळतो आणि टोकाला मूळ जोड असतो. डीलरची वायर हार्नेसच्या बाहेरून, बहुधा वेगळ्या पट्टीनं बांधून नेलेली असते. ती इग्निशन स्विचच्या किंवा फ्यूजच्या टर्मिनलवर दुसरा डोळा (वायरच्या टोकाचा गोल जोड) चढवून घेतलेली असते, मध्ये कधी लटकता फ्यूज. तो लटकता फ्यूज नसेल तर आधी तो घाला, मग वाद घाला. साठ वर्षांच्या इन्सुलेशनवर पंख्याची मोटर अडकली की वायर तापते आणि डॅशबोर्डमागून धूर येतो.

रेडिओचा तंटा सोपा, कारण व्होल्टेज खोटं बोलत नाही. 48-215 आणि एफजे या 6 व्होल्टच्या गाड्या. 12 व्होल्ट आले 1956 च्या एफईपासून. एफजेमध्ये 'तेव्हापासूनचा' म्हणून दाखवलेला एअर चीफ रेडिओ 12 व्होल्टचा निघाला, तर एक तर रेडिओ नंतरचा, नाही तर गाडीचं सगळं वायरिंग बदललेलं. दुसरं असेल तर बल्ब, हॉर्न, स्टार्टरची कॉइल, पेट्रोलचा काटा हे सगळं तपासायला घ्या. 6 व्होल्टच्या काट्याला 12 व्होल्ट मिळाले की तो आधी चुकीचं दाखवतो आणि मग जळतो.

बाहेरच्या सनव्हायझरवर किंवा पडद्यांवर वेळ घालवू नये. त्या डीलरच्याच गोष्टी. प्रश्न उरतो तो किती जुन्या एवढाच. ब्रॅकेट सैल करून खालचा रंग पाहा. आजूबाजूचा रंग विटलेला आणि ब्रॅकेटखालचा ताजा, तर व्हायझर जुना. दोन्हीकडे सारखाच विटलेला, तर तो अलीकडे चढवलेला. अर्थात गाडी मध्ये कधी पुन्हा रंगवली असेल तर ही खूण पुसली जाते.

इंजिनाकडे वळलं की पैशांचे आकडे मोठे होतात. 1965 च्या एचडीवर 179 घन इंचाचं 'रेड मोटर' (होल्डनचं नवं सहा सिलिंडर) इंजिन साधं घेतलं तर 115 अश्वशक्तीचं, आणि एक्सटू या फॅक्टरी पर्यायात 140 चं. त्यानंतरच्या एचआरवर 186 घन इंचाचं साधं 126 आणि एक्सटू 145. डोळ्यांत भरतात ते दोन कार्ब्युरेटर, म्हणून साध्या 179 वर दोन कार्ब्युरेटरचं मॅनिफोल्ड चढवून 'एक्सटू आहे' म्हणणारे पुष्कळ. असे जोडसंच त्या काळातही दुकानात मिळत. पण 25 अश्वशक्ती नुसत्या कार्ब्युरेटरनं येत नाही. एक्सटूचा कॅमशाफ्ट वेगळा, एक्झॉस्टची बाजूही वेगळी. बॅज आज नवे मिळतात, ते मोजूच नका. इंजिन नंबरचं सुरुवातीचं अक्षर मॉडेलच्या तक्त्याशी पडताळा आणि मग कॅम तपासा.

कॅमची उचल (कॅम पुशरॉडला किती वर ढकलतो ते) मोजायची तर स्पार्क प्लग काढा, रॉकर सैल करून बाजूला घ्या, पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावा आणि क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. रेड मोटरला हायड्रॉलिक लिफ्टर (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले, तेलानं भरणारे भाग) असतात. गेजच्या स्प्रिंगखाली रिकामा लिफ्टर दबला तर उचल कमी दिसते आणि खरा कॅमही साधा ठरतो. मोजण्यापुरता त्या जागी न दबणारा भरीव लिफ्टर बसवा. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही लोब (कॅमचे उंचवटे) मोजा. एकच मोजला आणि तो झिजलेला निघाला तर सगळा हिशोब वाया. झाकण उघडलंच आहे तर फायबरच्या टायमिंग गिअरचे दातही बघून घ्या. जड स्प्रिंगांच्या कॅमपुढे ते तुटतात, आणि इंजिन रस्त्यात काही न सांगता बंद पडतं.

टोराना या होल्डनच्या छोट्या गाडीच्या जीटीआर आणि एक्सयू-1 या स्पोर्टी मॉडेलांतही हाच खेळ. एक्सयू-1 वर फॅक्टरीतूनच तीन स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटर असत: 1970 च्या एलसीवर 186 इंजिनाला सीडी-150, तर 1972 च्या एलजेवर 202 इंजिनाला सीडी-175. एलजेवर 150 दिसले तर कुणीतरी एलसीचं मॅनिफोल्ड उचलून आणलं आहे. मागचा स्पॉयलर तर कुठल्याही जीटीआरला स्क्रूनं लागतो; त्यावरून काहीच ठरवू नये.

ग्रे मोटरवरच्या (रेड मोटरच्या आधीच्या सहा सिलिंडर इंजिनावरच्या) रेपको या कंपनीच्या सिलिंडर हेडची गोष्ट निराळी. फिल आयर्विंग यांनी 1950 च्या दशकात रेपकोसाठी ते घडवलं. मूळ हेडमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, रेपकोच्या हेडमध्ये समोरासमोर. ते होल्डनच्या फॅक्टरीत कधीच बसलं नाही आणि नॅस्कोचंही नाही. तरी आज पूर्ण, न तडकलेलं हेड मिळालं तर साध्या फॅक्टरी हेडपेक्षा त्याला कितीतरी जास्त भाव येतो. 'ओरिजिनल नाही' म्हणून ते काढून ठेवणाऱ्यानं निदान ते विकू तरी नये.

विकताना किंवा स्पर्धेच्या अर्जात प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: फॅक्टरी, डीलर, नंतरचं. क्लबांचे नियम सारखे नसतात. काही ठिकाणी त्या काळातली अस्सल डीलर ॲक्सेसरी चालते, काही ठिकाणी गुण कापतात, म्हणून नियमपत्रक आधी मागवा. गुणांसाठी डीलरचा भाग काढायचा ठरलाच, तर त्याची भोकं वेल्डनं भरण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि भाग, स्क्रू, ब्रॅकेट एका पिशवीत चिठ्ठीसह ठेवा. भोक बुजलं की तो तिथे होता हे दाखवायला काही उरत नाही. सीट बेल्टला मात्र हात लावायचा नाही. जुन्या गाडीत ते बहुतेक नंतर ड्रिल करूनच बसवलेले असतात. त्यांच्या बोल्टखाली जाड आधारपट्टी आहे का तेवढं पाहा. नुसत्या वॉशरवर बसलेला बेल्ट धक्क्यात पातळ पत्र्यातून उपटून येतो.