डम्फ्रीज हाउस

डम्फ्रीज हाउस : स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागात, ईस्ट एअरशर परगण्यातील कमनॉक गावालगतचा अठराव्या शतकातला सरदारी वाडा. जॉन, रॉबर्ट आणि जेम्स या ॲडम बंधूंनी तो १७५४ ते १७५९ या काळात पाचवे अर्ल ऑफ डम्फ्रीज विल्यम क्राइटन-डॅलरिंपल यांच्यासाठी बांधला. वाड्याभोवतीची इस्टेट सुमारे २,००० एकरांची असून लूगर नदी तिच्यातून वाहते. लंडनचा नामांकित सुतार-कारागीर थॉमस चिपेंडेल याने घडवलेले फर्निचर ज्या खोल्यांसाठी विकत घेतले, त्याच खोल्यांत आजही आहे आणि त्याची बिलेही शाबूत आहेत. असा योग ब्रिटनमध्ये क्वचित आढळतो. नावावरून वाडा डम्फ्रीज शहरात असावा असे वाटते, पण ते शहर इथून बरेच दूर आहे. नाव आले ते मालकाच्या किताबावरून.

उभारणी

या जमिनीवर आधी लेफनॉरिस नावाची जुनी गढी होती आणि ती क्रॉफर्ड घराण्याची होती. १६३५ मध्ये क्राइटनांनी ही जहागीर विकत घेतली. पाचवे अर्ल १७४२ मध्ये गादीवर आले. ते फौजेतले गृहस्थ; १७४३ च्या डेटिंगेनच्या लढाईत ते आपल्या चुलत्यांच्या दिमतीला होते. गढी जुनाट झाली होती आणि मानमरातबाला शोभेल असे घर हवे होते. हॉपटनच्या अर्लांच्या वाड्याचे काम ॲडम मंडळींकडेच होते. त्यांच्या सल्ल्याने हे कामही तिकडे गेले.

बांधकामाचा करार सुमारे ८,००० पौंडांचा होता. नकाशे ठरले, पाया घातला गेला आणि १७५४ च्या शरद ऋतूत रॉबर्ट ॲडम इटलीला निघून गेला. प्रत्यक्ष बांधकामावर उभा राहिला तो थोरला भाऊ जॉन. रॉबर्ट १७५८ मध्ये परतला, लंडनला स्थायिक झाला आणि पुढे ‘ॲडम शैली’ म्हणून गाजलेला रोमन वळणाचा नाजूक सजावटीचा प्रकार त्याने रूढ केला. डम्फ्रीज हाउस त्याच्या आधीचे आहे. त्यामुळे ॲडम शैली पाहायला आलेला माणूस इथे थोडा बुचकळ्यात पडतो. बाहेरून वाडा अगदी संयमी पॅलेडियन (इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या) पद्धतीचा आहे : वालुकाश्माची मधली मुख्य इमारत, दोन्ही बाजूंना जोडमार्गांनी जोडलेले छोटे मंडप, आणि सगळे मोजूनमापून सममित. आत गेल्यावर मात्र छतांवर रोकोको (अठराव्या शतकातल्या नटव्या फ्रेंच शैलीच्या) वळणाच्या वेलबुट्टीचे गिलावाकाम पसरलेले दिसते. बाहेरचा कडकपणा आणि आतला लाडिकपणा हा मेळ आवडायला जरा वेळ लागतो.

अर्लांचा एकुलता मुलगा लहानपणीच गेला होता. वाड्याचे काम चालू असताना, १७५५ मध्ये, पत्नीही वारली. ऐन साठीत दुसरे लग्न करून वारस मिळवावा, आणि त्यासाठी घर सजवून ठेवावे, असा त्यांचा बेत असल्याचे सांगतात. १७६२ मध्ये लग्न झाले, वारस काही झाला नाही. १७६८ मध्ये अर्ल वारले आणि वाडा पुतण्याकडे गेला.

फर्निचर

चिपेंडेलने आपला नमुनासंग्रह १७५४ मध्ये छापला, आणि पाचच वर्षांत अर्लांनी त्याच्याकडे ऑर्डर दिली. म्हणजे इथल्या सुमारे पन्नास वस्तू त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्या बहरातल्या. लंडनहून हा माल समुद्रमार्गे स्कॉटलंडला आला. त्यात सर्वांत नावाजलेले आहे ते शिसवी लाकडाचे पुस्तकांचे कपाट. मधला भाग थोडा पुढे आलेला, काचेची दारे, आणि लाकडाच्या गडद रंगावर उठून दिसणारे सोनेरी कोरीवकाम. २००७ च्या लिलावासाठी एकट्या या कपाटाचा अंदाज २० ते ४० लाख पौंड धरला होता. दुसरी वस्तू म्हणजे निळ्या शयनगृहातला चार खांबांचा पलंग. महागनीचे खांब, वर कोरीव छत आणि निळ्या डमास्कचे (विणीतच नक्षी असलेल्या कापडाचे) पडदे.

चिपेंडेलच्या नावाचा गाजावाजा इतका होतो, की एडिंबरोच्या कारागिरांचा विसर पडतो. अलेक्झांडर पीटरने इथले जेवणघराचे सामान केले, विल्यम मॅथीने सोनेरी चौकटींचे उभे आरसे कोरले, फ्रान्सिस ब्रोडीकडूनही सामान आले. त्या काळातले एडिंबरो आणि लंडन यांचे काम एकाच छपराखाली, एकाच मालकाच्या पैशाने झालेले, शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. अभ्यासकाच्या दृष्टीने हा भाग चिपेंडेलइतकाच मोलाचा आहे. बिले आणि पत्रे पुढे ब्यूट घराण्याच्या दप्तरात गेली, म्हणून कोणती खुर्ची कोणाची याबद्दल अंदाज बांधत बसावे लागत नाही.

ब्यूट घराण्याकडे

सहाव्या अर्लांच्या मुलीचे लग्न १७९२ मध्ये ब्यूटच्या पहिल्या मार्क्विसांच्या (मार्क्विस हा अर्लाहून वरचा किताब) मुलाशी झाले. त्या जोडप्याचा मुलगा जॉन १७९३ मध्ये याच वाड्यात जन्मला, आजोबांजवळ वाढला आणि पुढे दोन्हीकडचा वारस झाला. हे दुसरे मार्क्विस म्हणजे कार्डिफची गोदी बांधणारे. वेल्समधल्या कोळशावर घराण्याकडे अफाट पैसा आला. त्यांच्यानंतरचे तिसरे मार्क्विस ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणले जात. कार्डिफ किल्ला, कॅस्टेल कॉख आणि ब्यूट बेटावरचा माउंट स्टुअर्ट ही त्यांची वेडी आणि भव्य बांधकामे.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचे नाव भेटते. दुसऱ्या मार्क्विसांनी १८४५ मध्ये लेडी सोफिया हेस्टिंग्जशी दुसरे लग्न केले. सोफियाचे वडील म्हणजे १८१७–१८ च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज (वॉरन हेस्टिंग्ज वेगळे). पेशवाई बुडवणाऱ्याचा नातू, म्हणजे तिसरे मार्क्विस, डम्फ्रीज हाउसचा मालक झाला. सोफियाचे माहेर, म्हणजे तिच्या आईच्या वारशातला लाउडन किल्ला, याच एअरशरमध्ये आहे. १९४१ मध्ये तो आगीत जळाला, पुन्हा बांधला गेला नाही, आणि पुढे काही वर्षे त्याच्या भग्न भिंतींभोवती करमणुकीचे उद्यान चालले. सोयऱ्यांच्या दोन वाड्यांपैकी एकाचे हे झाले.

इतके वाडे असलेल्या घराण्याला डम्फ्रीज हाउस हे दुय्यम घरच होते. वाड्याच्या पथ्यावर पडले ते हेच. राहते घर असते तर दर पिढीने फर्निचर बदलले असते, जुने माळ्यावर टाकले असते, नव्या फॅशनप्रमाणे छते पाडली असती. वाडा टिकला तो कोणी मुद्दाम जपला म्हणून कमी, आणि कोणाला त्याची फारशी गरज नव्हती म्हणून जास्त. मोठा बदल झाला तो एकदाच. १८९० च्या दशकात रॉबर्ट वीअर शुल्ट्झ या वास्तुकाराने दोन्ही बाजूंचे भाग वाढवले आणि ब्रसेल्सच्या जुन्या चित्रजवनिकांसाठी (भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांसाठी) स्वतंत्र दालन केले. त्याने ही भर मागच्या अंगाला अशी घातली, की समोरून ॲडम बंधूंचा दर्शनी भाग जसाच्या तसा राहिला. पाचव्या मार्क्विसांच्या पत्नी १९९३ पर्यंत इथे राहत होत्या. त्यानंतर वाडा जवळजवळ बंद पडला.

लिलावाचे वर्ष

विसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये असे वाडे मोठ्या संख्येने गेले. वारसा कर, नोकरांचा तुटवडा, युद्धकाळात लष्कराच्या मुक्कामाने झालेली नासधूस ही नेहमीची कारणे. शिवाय छप्पर असलेल्या इमारतीवर कर लागे, म्हणून काही मालकांनी सरळ छपरेच उतरवली. हॅमिल्टन पॅलेसमधले सामान आधी १८८२ मध्ये विकले गेले, नंतर खालच्या कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचू लागली आणि १९२० च्या दशकात वाडा पाडला. त्याची एक खोली आता बोस्टनच्या संग्रहालयात आहे, म्हणजे घर एका देशात आणि जेवणघर दुसऱ्या.

डम्फ्रीज हाउसवर हीच पाळी आली होती. सातवे मार्क्विस जॉन क्राइटन-स्टुअर्ट हे मोटार शर्यतींतले नाव; ‘जॉनी डम्फ्रीज’ या नावाने त्यांनी १९८८ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. माउंट स्टुअर्टचा खर्चच डोईजड होता. त्यांनी वाडा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेला देण्याची बोलणी केली, पण ती फिसकटली आणि सामान लिलावात काढायचे ठरले. असा वाडा नुसता ताब्यात घेऊन भागत नाही. छप्पर, पन्हळी, ऊब, पहारा या सगळ्यासाठी कायमनिधी बाजूला काढावा लागतो, आणि ती रक्कम वाड्याच्या किमतीच्या तोडीची होते.

वाडा ‘अ’ वर्गाच्या संरक्षित इमारतींच्या यादीत होता, मग लिलाव कसा होऊ शकला? कायद्याची मेख इथेच आहे. यादीतले संरक्षण इमारतीला आणि तिला पक्क्या जडवलेल्या गोष्टींना मिळते : छताचा गिलावा, शेकोटीची चौकट, दारे. कपाट, पलंग, आरसा या मालकाच्या सुट्या वस्तू ठरतात आणि त्या तो कोणालाही विकू शकतो. परदेशी न्यायच्या झाल्या तर निर्यात परवाना लागतो, सरकार तो काही काळ रोखू शकते, एवढेच. म्हणजे खोली कायद्याने सुरक्षित, आणि ती खोली ज्या सामानासाठी पाहायची ते मोकळे. डम्फ्रीज हाउससारख्या ठिकाणी हा भेद विचित्रच आहे, कारण इथे मोल आहे ते दोन्ही एकत्र असण्याला.

क्रिस्टीज या लिलावसंस्थेने दोन खंडांची यादी छापली. लिलाव १२ आणि १३ जुलै २००७ ला ठरला. सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज या संस्थेने आणि काही कलाप्रेमींनी आरडाओरडा सुरू केला होता, पण पैसा जुळत नव्हता. अखेर जूनच्या शेवटी प्रिन्स चार्ल्स (आताचे राजे चार्ल्स तिसरे) मध्ये पडले. त्यांनी तोवर हा वाडा पाहिलेलाही नव्हता. इमारत, सामान आणि जमीन मिळून सौदा ४५ दशलक्ष पौंडांना ठरला. मॉन्युमेंट ट्रस्टने ९ दशलक्ष, नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडाने ७ दशलक्ष आणि स्कॉटलंड सरकारने ५ दशलक्ष दिले. २० दशलक्ष पौंडांचे कर्ज चार्ल्स यांच्या धर्मादाय निधीने उचलले. सामान भरलेले ट्रक तेव्हा लंडनच्या वाटेवर होते आणि ते अर्ध्या रस्त्यातून परत फिरवावे लागले.

कर्ज फेडण्याचा हिशेब असा होता : इस्टेटीलगत नॉकरून नावाची आखीव वस्ती उभारायची आणि त्या जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून पैसे उभे करायचे. पण लगेच २००८ ची मंदी आली आणि जमिनीचे भाव कोसळले. सुमारे ७७० घरांच्या बेतापैकी प्रत्यक्षात तीसेक घरे झाली. धर्मादाय पैसा अशा जुगारात घालावा का, अशी टीका झाली, आणि ती गैरलागू म्हणता येणार नाही. कर्ज फिटले ते मुख्यतः श्रीमंत देणगीदारांच्या बळावर.

जतन आणि वापर

वाडा जून २००८ मध्ये लोकांसाठी खुला झाला. वालुकाश्माच्या अशा इमारतीत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओल. पूर्वीच्या दुरुस्त्यांत दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरण्याची चाल होती. सिमेंट पाणी आत कोंडून धरते आणि मग दगडच पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून आता अशा भिंतींच्या सांध्यांत चुन्याचाच मसाला भरतात. तो ओल बाहेर सोडतो, आणि झिजला तर मसाला झिजतो, दगड नाही. आतल्या बाजूला उजेड हा दुसरा शत्रू : रेशीम आणि रंग उन्हाने विटतात, म्हणून खिडक्यांचे पडदे बहुतेक वेळ ओढलेले असतात. पलंगाचे निळे डमास्क पुन्हा विणून घेतले आहे. काही तज्ज्ञांना इथला झगमगाट थोडा जास्त वाटतो. अडीचशे वर्षांचा मळ पुसून अर्लांनी पाहिले तसे घर दाखवायचे, की वयाच्या खुणा ठेवायच्या, हा वाद जुना आहे. इथे कौल पहिल्या बाजूला गेला.

बागेत मात्र नव्याने बरेच केले गेले. मोडकळलेली भिंतबंद बाग पुन्हा उभारून २०१४ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते खुली झाली, आणि चिनी धाटणीचा पूल बांधला गेला.

कमनॉकचा परिसर कोळशाच्या खाणींचा. किलॉक आणि बॅरनी या मोठ्या खाणी १९८० च्या दशकात बंद झाल्या आणि बेकारी मुक्कामाला आली. वाडा विकत घेण्यामागे हेही कारण पुढे केले गेले होते, आणि ते नुसते बोलण्यापुरते राहिले नाही. इस्टेटीत गवंडीकाम, सुतारकाम, शिवण, स्वयंपाक, हॉटेलसेवा आणि बागकाम यांचे प्रशिक्षण चालते. लग्नसमारंभ आणि मुक्कामाच्या खोल्यांतून खर्च निघतो. न्यू कमनॉकमधला १९६० च्या दशकातला उघड्यावरचा पोहण्याचा तलावही याच लोकांनी दुरुस्त करून दिला. तीन-चार मैलांवरच्या ऑखिनलेक हाउसची वाट वेगळी आहे. ते चरित्रकार जेम्स बॉस्वेलच्या घराण्याचे घर, आणि आता लँडमार्क ट्रस्ट ते सुट्टीसाठी भाड्याने देतो. तिथे ना संग्रहालय, ना प्रशिक्षण, आणि खर्चही त्या मानाने बेताचा.

व्यवस्थापन आधी वेगळ्या विश्वस्तमंडळाकडे होते. २०१८ मध्ये ते प्रिन्सेस फाउंडेशनमध्ये विलीन झाले आणि २०२४ पासून किंग्ज फाउंडेशन हे नाव लागले. २०२१ मध्ये एका परदेशी देणगीदाराला किताब मिळवून देण्याची तयारी दाखवल्याचा आरोप संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्यावर झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. लंडन पोलिसांनी चौकशी केली आणि २०२३ मध्ये पुढील कारवाई न करता प्रकरण मिटवले. संस्थेचे मुख्यालय आजही डम्फ्रीज हाउसमध्येच आहे.