थंड झाली की शहाण्यासारखी चालणारी गाडी

उन्हात बंद पडणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीचा बिघाड शोधणं अवघड जातं, कारण तो टिकत नाही. अर्ध्या-पाऊण तासात इंजिन निवतं, किल्ली फिरवली की गाडी पटकन सुरू होते आणि गॅरेजमध्ये पोचेपर्यंत तपासायला काही उरत नाही. मग अंदाजपंचे भाग बदलणं सुरू होतं: आधी प्लग, मग फिल्टर, मग पंप. शोध घ्यायचा तो गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या १०-१५ मिनिटांत, आणि प्रश्नही एकच विचारायचा: इंजिनाला पेट्रोल मिळत नाहीये की स्पार्क (पेट्रोल पेटवणारी विजेची ठिणगी)?

त्याआधी तापमानाचा काटा पाहावा. तो लाल पट्ट्यात असेल तर दुखणं बहुधा रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा पंख्याचं आहे. अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं. काटा जागच्या जागी आहे आणि तरीही गाडी बंद पडते, तेव्हा खरं कोडं सुरू होतं.

गाडी कशी बंद पडली हे नीट आठवावं. आधी गचके खात, दम तुटल्यासारखी चालून मग थांबली, तर संशय पेट्रोलवर. कुणी किल्लीच फिरवल्यासारखी क्षणात गप्प झाली, तर संशय विजेवर. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा काटा इथे चांगला साक्षीदार ठरतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो इग्निशनच्या, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या यंत्रणेच्याच सिग्नलवर चालतो. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवताहेत आणि तरीही काटा एकदम शून्यावर आला, तर सिग्नलच तुटलाय असं बहुधा खुशाल समजावं.

कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या भागाच्या) गाडीत पेट्रोलवरचा संशय रास्त असतो. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक साधारण ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. बॉनेटखाली ४० अंश ही काहीच गोष्ट नाही. त्यात जुना यांत्रिक पंप इंजिनालाच जोडलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. म्हणून घाटमाथ्यावर, जिथे हवेचाच दाब कमी, तिथे हा त्रास वाढतो. नळीत एकदा वाफ भरली की पंपाचा पडदा तीच वाफ दाबत-सोडत बसतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळलं तर मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, त्यामुळे जुन्या गाड्यांना ते अधिक जाणवतं.

याची तपासणी आणि तात्पुरता उपाय एकच: पंपावर आणि नळीवर ओलं फडकं. पाणी वाफ होताना भरपूर उष्णता घेऊन जातं. दोन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली तर चोर सापडला. मात्र फडकं स्पार्कची वीज तयार करणाऱ्या कॉइलवर किंवा वायरींवर टाकू नये, नाहीतर दुसरंच दुखणं ओढवेल. टाकीचं झाकणही उघडून पाहावं. हवा आत ओढल्याचा मोठा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असू शकतं.

थांबवलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, तेव्हा प्रकार उलटाही असू शकतो: पेट्रोल कमी नाही, जास्त झालेलं असतं. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, पंख्याची हवा थांबते, आणि बॉनेटखालचं तापमान काही काळ चढतच राहतं. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं. पेट्रोलचा उग्र वास आला तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि मग स्टार्टर मारावा. तो सारखा दाबू-सोडू नये.

इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी दाबानं पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत मात्र व्हेपर लॉकचं नाव उगाच घेतलं जातं असं मला वाटतं. तिथे पंप बहुधा टाकीतच असतो आणि पेट्रोल साधारण ३ बार दाबानं ढकलतो. इतक्या दाबाखाली ते सहजी उकळत नाही. तिथे वीज आधी तपासावी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल ७० अंशांनी तापली तर रोध पाव हिश्शाहून जास्त वाढतो, प्रवाह सुमारे पाचव्या हिश्शानं घटतो आणि स्पार्क अशक्त होतो. चांगली कॉइल हे सोसते. आतलं इन्सुलेशन थकलेली कॉइल सोसत नाही. स्पार्क पाहायचा तर टेस्टर वापरावा, वायर हातात धरू नये, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नये.

सगळ्यात फसवा भाग क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचा दांडा कुठे आणि किती वेगानं फिरतोय हे सांगणारा सेन्सर. त्याच्या दोन तारांच्या प्रकारात आत केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. तार तुटलेली असली तरी थंडपणी टोकं एकमेकांना टेकलेली राहतात; गरम झाल्यावर भोवतालचं प्लॅस्टिक तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि टोकं सुटतात. म्हणून थंड सेन्सरचं मीटरवरचं रीडिंग पाहून त्याला निर्दोष ठरवू नये. दोन तारांचा सेन्सर असेल तर तो काढून मीटरला जोडावा, हेअर ड्रायरनं तापवावा आणि आकड्याकडे लक्ष ठेवावं. काही शे ओहमवर असलेला आकडा अचानक अनंतावर गेला, तर गाडी तिथेच बंद पडत होती.