चौथा रकाना

परदेशी निधीसाठी प्रस्ताव पाठवताना बहुतेक संस्थांना एक तक्ता भरून द्यावा लागतो. उभे चार, आडवे चार, अशा सोळा चौकटींचा हा लॉगफ्रेम. काय करणार, ते झालं हे कशावरून मोजणार आणि पुरावा कुठे मिळणार, हे पहिले तीन रकाने मन लावून भरले जातात. चौथा गृहीतकांचा. तो शेवटच्या रात्री उरकला जातो: ‘लोकांचं सहकार्य मिळेल’, ‘सरकारी परवानग्या वेळेत मिळतील’. प्रकल्प बुडतात ते मात्र बहुतेकदा याच रकान्यात, आणि हा रकाना जन्मालाही तशाच फसगतीतून आला.

अशा फसगतीचं एक उदाहरण बघा. ऑक्टोबर 1952 मध्ये नॉर्वे, भारत आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांनी मच्छीमारांसाठी एक करार केला. जागा होती कोल्लमजवळचं नींडकरा, आजच्या केरळातलं. यंत्रबोटी, बर्फाचा कारखाना, आरोग्यकेंद्र, नळाचं पाणी, असं सगळं योजनेत होतं. न लिहिलेलं गृहीतक असं, की मासळी वाढली की त्याच मच्छीमारांच्या घरात पैसा येईल. पुढे गोठवलेल्या कोळंबीला परदेशी बाजार मिळाला, भाव चढला, आणि ट्रॉलरमध्ये, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या यंत्रबोटींमध्ये, मासेमारीशी संबंध नसलेल्यांचा पैसा उतरला. लहान होडीवाले मागे पडले. मासळी वाढली हे खरं, पण ती कोणाच्या जाळ्यात जाईल हे कोणी विचारलंच नव्हतं.

नॉर्वेचा तो प्रकल्प गोव्यात आला नव्हता. पण यांत्रिकीकरणाचं तेच सूत्र मुक्तीनंतर सरकारी अनुदानातून इथे पोचलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढायला पन्नासेक हात लागतात आणि बांगडा, तारले किनाऱ्याजवळ यावे लागतात. ट्रॉलर आणि पर्सनेटवाले (माशांचा थवा जाळ्याने घेरून उचलणारे) ते आधीच उचलू लागले, तेव्हा सत्तरच्या दशकात मथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने रापणकार रस्त्यावर उतरले. सागरी मासेमारीचं नियमन करणारा कायदा 1980 मध्ये झाला. नियम आधी आणि बोटी नंतर, असा क्रम असता तर ही झुंज इतकी लांबली नसती.

लॉगफ्रेम 1969 च्या सुमारास यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी तयार झाला. आधीच्या प्रकल्पांची तपासणी करताना तीन दुखणी सापडली: उद्दिष्टं मोघम, व्यवस्थापकाची जबाबदारी नेमकी कुठे संपते ते अस्पष्ट, आणि मूल्यमापन म्हणजे दोषारोपांची बैठक. चौथा रकाना हे दुसऱ्या दुखण्यावरचं औषध. व्यवस्थापकाच्या हातात नसलेलं, पण ज्यावाचून काम फळत नाही, ते इथे लिहायचं. म्हणून तक्ता वरून खाली वाचायचा नसतो. तळाच्या, म्हणजे कामांच्या, ओळीपासून नागमोडी वर उद्दिष्टाकडे जायचं: ही कामं झाली, आणि बाजूचं गृहीतक खरं ठरलं, तरच वरची ओळ मिळेल. जर्मनीने 1983 च्या सुमारास याला समस्यावृक्षाची, म्हणजे समस्येची कारणं आणि परिणाम झाडासारखे मांडणाऱ्या आकृतीची, जोड दिली आणि जपाननेही तीच पद्धत आपल्या परीने घडवली.

इकडे हातपंपांनी हाच धडा लोखंडातून शिकवला. 1967 च्या दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीने कठीण खडकात विंधनविहिरी खोदल्या गेल्या. वर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेले. गावाने दिवसभर हापसल्यावर ते मोडत गेले. जालना आणि सोलापूरकडे मिशनच्या कारागिरांनी सुधारलेल्या पंपांवरून सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू घडला. पंप टिकू लागला, पण वॉशर बदलायचा तरी सगळे पाइप वर ओढावे लागत, त्यासाठी तालुक्याची गाडी हवी. मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, म्हणजे दट्ट्या आतल्या आत वर घेता येतो. ‘दुरुस्तीला गाडी येईल’ हे गृहीतक पाइपचा व्यास बदलून पुसून टाकलं!

गोव्यातला मोठा धडा सिवरेजचा. 2007 मध्ये जपानकडून सुमारे 2,280 कोटी येनचं कर्ज पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी मंजूर झालं. वाहिनी रस्त्यातून जाते, पण घर जोडायचं तर घराची सही हवी. इथे जमीन अनेकदा सामायिक, वारसांपैकी कोणी मुंबईत, कोणी आखातात. मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) घराखालची जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर. न्हाणीचं आणि संडासाचं पाणी वेगवेगळ्या बाजूंनी बाहेर पडणारं, परसातली सोकपिट (शोषखड्डा) चालू स्थितीत, मग फरशी आणि चिरा फोडायचा खर्च कशाला, हा घरमालकाचा प्रश्न रास्तच असतो. जोडण्या थोड्या असल्या तर नुसते पैसे वाया जात नाहीत. वाहिनीत सेकंदाला किमान 0.6 मीटर वेग नसला तर गाळ तळाशी बसतो, आणि शुद्धीकरण केंद्रातल्या जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही. म्हणून घरजोडणीचा खर्च, परसातली खोदाई आणि सह्या गोळा करणारा माणूस हे सगळं अंदाजपत्रकात, म्हणजे कामांच्या रकान्यात यायला हवं. गृहीतकात ते लिहिणं म्हणजे कामाचा अर्धा भाग दैवावर सोडणं.

प्रत्येक गृहीतकाला ठरलेली चाळणी लावायची. ते खरं ठरणं महत्त्वाचं नसेल, किंवा जवळजवळ नक्की असेल, तर काढून टाका. बहुधा खरं ठरेल असं वाटलं तर ठेवा आणि लक्ष ठेवा. खरं ठरण्याची शक्यता कमी असेल तर आराखडा बदला. बदलता येत नसेल तर प्रकल्प घेऊ नका.

खाजनाचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचा, बांध दुरुस्त करायचा प्रस्ताव घ्या. चौथ्या रकान्यात ‘शेतकरी सहकार्य करतील’ असं येतं. पण मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या, मासळीचा लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत हवं असतं. त्याने दार उचलून ठेवलं की नव्या बांधाच्या आत भात जळतं. तेव्हा ओळ अशी हवी: ‘पेरणीपासून कापणीपर्यंत लिलावदार मानशीचं दार उघडणार नाही. ही अट लिलावाच्या करारात. दर अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीनंतर शेतात तीन ठिकाणी खारटपणा मोजणार. अट मोडली तर अनामत जप्त.’ तक्ता भरायच्या बैठकीला लिलावदाराला बोलवा. शेतकरी असतात, तो नसतो. आणि यंदाचा लिलाव अटीविना आधीच होऊन गेला असेल, तर दात्याला तसं कळवून एक वर्ष पुढची तारीख मागा.