पार्श्वभूमी: घडणावळीचा दागिना

बेळगाव-निपाणी भागात दागिना आधी तराजूवर चढतो. वजन किती, घट किती, घडणावळ म्हणजे घडवण्याची मजुरी किती आणि मोडीत घातला तर हाती काय येईल, असे प्रश्न ओळीने येतात. तंबाखू-उसाच्या या पट्ट्यात पीक गेलं की घरातल्या पाटल्याच गहाण पडत आल्या, तेव्हा हे प्रश्न रास्तच आहेत. पण या हिशेबात कारागिराचा हात नेहमी शेवटी धरला गेला. चांदी, तांबं, पितळ यांच्या पत्र्यातून त्रिकोण, चौकोन, वर्तुळं एकहाती घडवणारा आजचा स्टुडिओ कारागीर मुख्यतः तोच हात विकतो.

भूमिती आपल्याकडे नवी नाही. चिंचपेटीत चौकोनी पेट्या ओळीने बसतात, मंगळसूत्राच्या वाट्या अर्धगोल असतात. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचं दगडी कमळ 1204 सालचं. त्याखाली उभं राहून वर पाहिलं की वर्तुळात वर्तुळ किती नेमकं बसवलंय ते कळतं. बोरमाळेचा मणी तर शिकण्यासारखा. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठोकायच्या, डाख देऊन (वितळलेल्या धातूने सांधून) जोडायच्या, आत लाख भरायची. जोडताना भोक ठेवावंच लागतं. नाहीतर आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि सांधा उसवते. पोकळ चौकोनी पेंडंट करणाऱ्यालाही हा नियम चुकत नाही. उलट त्याचं काम जास्त अवघड, असं मला वाटतं: वेलबुट्टीत कानशीचा एखादा ओरखडा खपून जातो, सरळ कडेवर तो लगेच दिसतो.

दागिना ही कारागिराची स्वतःची रचना, ही कल्पना मात्र पश्चिमेकडे रुजली. जर्मनीत 1919 साली वायमारला बाउहाउस ही कला आणि रचनेची शाळा निघाली. नाउम स्लुत्स्की तिथे धातूकाम करत. अमेरिकेत शिल्पकार अलेक्झांडर काल्डर तार ठोकून गळ्यातले अलंकार करत, दागिने घडवणाऱ्या मार्गारेट डी पाटा बाउहाउसमध्ये शिकवलेल्या मोहोली-नागींकडून रचना शिकल्या. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हातघडणीच्या आधुनिक दागिन्यांचं प्रदर्शन भरलं.

आपल्या सोनारांच्या वाट्याला पुढे वेगळंच आलं. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम लागू झाले, 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली आणि देशभर असंख्य कारागिरांच्या भट्ट्या विझल्या. 1968 ला कायदा झाला, तो 1990 ला रद्द झाला. निपाणीपासून जवळच्या हुपरीत चांदीचं काम घराघरांत चालतं. पैंजणाच्या कड्या जोडायला बायकांचे हात असतात.

सोन्याच्या बिलावर घडणावळ आजही बहुतेकदा टक्क्यांत लिहिली जाते. भाव चढला की आकडा वाढतो. ऐरणीवरचे तास तेवढेच असतात. स्टुडिओ कारागीर आपली किंमत त्या तासांवर लावतो.