सिड चिपवरील वाद्यरचना

कमोडोर ६४ या घरगुती संगणकातील ‘साउंड इंटरफेस डिव्हाइस’ ऊर्फ सिड या ध्वनिचिपमधून वाद्यांचे नाद घडवण्याचे तंत्र. या चिपमध्ये तयार वाद्य एकही नसते. स्वर सुरू झाल्यापासून कोणत्या रजिस्टरमध्ये (चिपमधील आकडा साठवण्याच्या जागेत) केव्हा कोणता आकडा लिहायचा, याचे कोष्टक म्हणजेच येथे वाद्य. ते कोष्टक वाचून चिपला आकडे पुरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ‘प्लेअर’ म्हणतात. पाल या युरोपातील दूरचित्रवाणी पद्धतीच्या संगणकावर तो सहसा पडद्यावरील दर फ्रेमला एकदा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० वेळा चालतो. त्यामुळे नादातील बहुतेक बदल २० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी करावे लागतात.

चिपचा आराखडा बॉब यानेस यांनी एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीत १९८१ च्या सुमारास केला; संगणक १९८२ मध्ये बाजारात आला. यानेस यांच्या मनात तीनहून कितीतरी जास्त आवाजांची (एकाच वेळी स्वतंत्र स्वर वाजवणाऱ्या भागांची) चिप होती. वेळ अपुरा पडल्याने एका आवाजाचा आंदोलक (तरंग निर्माण करणारा भाग) पूर्ण करून त्याच्याच तीन प्रती बसवण्यात आल्या. प्रत्येक आवाजाला १६ बिटांची कंप्रता, त्रिकोणी, करवती, स्पंद व गोंगाट ही चार तरंगरूपे आणि स्वतंत्र आवरण (स्वराची तीव्रता कशी चढते-उतरते ते ठरवणारा भाग) मिळते. फिल्टर (काही कंप्रता गाळणारा भाग) मात्र तिन्ही आवाजांत मिळून एकच आहे. कंप्रतेचा आकडा संगणकाच्या घड्याळावर अवलंबून असतो : ४४० हर्ट्‌झच्या स्वरासाठी पाल यंत्रावर सुमारे ७,४९३ लिहावे लागतात, तर अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीच्या यंत्रावर ७,२१८. एका पद्धतीसाठी केलेले स्वरकोष्टक दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर बेसूर नव्हे, पण वेगळ्या पट्टीत वाजते ते यामुळेच.

आवरणाचे चढ, उतार, स्थैर्य व विराम (स्वर सोडल्यावर विझणे) असे चार भाग असून प्रत्येकाला ० ते १५ पैकी एक आकडा देतात. चढाला २ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत आणि उतार व विराम यांना ६ मिलिसेकंदांपासून २४ सेकंदांपर्यंत वेळ मिळतो. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात वाद्यरचनेतील सर्वांत मोठी अडचण येथेच आहे. आवरणाचा वेग १५ बिटांचा एक गणक ठरवतो. तो घड्याळाच्या ठोक्यांबरोबर वाढत जातो आणि ठरवलेल्या मर्यादेइतका झाला की शून्यावर येऊन आवरण एक पायरी सरकवतो. सर्वांत जलद वेगाची मर्यादा ९ ठोक्यांची, तर सर्वांत संथ वेगाची ३१,२५१ ठोक्यांची आहे. मात्र ही तुलना ‘मर्यादेइतका किंवा जास्त’ अशी नसून केवळ ‘मर्यादेइतका’ अशी आहे. समजा, आधीच्या संथ विरामात गणक २०,००० वर पोहोचला आहे आणि नेमका तेव्हाच जलद चढाचा नवा स्वर सुरू केला. ९ हा आकडा मागे पडलेला असल्याने गणकाला ३२,७६८ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यापासून यावे लागते. या उदाहरणात स्वर सुमारे १३ मिलिसेकंद उशिरा उमटतो. विलंब वाढून सुमारे ३३ मिलिसेकंदांपर्यंतही जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला ठेका अडखळल्यासारखा वाटतो आणि एखादा छोटा स्वर तर गिळलाच जातो.

यावरचा रूढ उपाय ‘हार्ड रीस्टार्ट’ म्हणून ओळखला जातो. नव्या स्वराच्या साधारण दोन फ्रेम आधी जुन्या स्वराचे द्वार (स्वर सुरू-बंद करणारा बिट) बंद करून आवरणाचे आकडे शून्यावर आणतात. पाल यंत्रावर दोन फ्रेम म्हणजे सुमारे ३९,००० ठोके. तेवढ्यात गणकाचा लांबचा फेरा पूर्ण होऊन तो ताळ्यावर येतो. मग पहिल्या फ्रेमला बहुधा टेस्ट बिट लावून आंदोलकही शून्यावर धरतात आणि पुढच्या फ्रेमपासून खरे तरंगरूप सोडतात. याची किंमत अशी, की प्रत्येक स्वराची शेपटी थोडी कापली जाते. संथ तंतुवाद्यासारख्या नादात हे खटकते, म्हणून तेथे पुष्कळ रचनाकार हा उपाय टाळतात.

तालवाद्ये एकाच आवाजावर तरंगरूपे झपाट्याने बदलून करतात. स्नेअर ड्रमचे एक नेहमीचे कोष्टक असे : पहिली फ्रेम उंच कंप्रतेचा गोंगाट, पुढच्या दोन फ्रेम उतरत्या कंप्रतेचा स्पंद, नंतर द्वार बंद करून पुन्हा गोंगाट, जो विरामाबरोबर विझतो. मधले दोन स्पंद काढले तर उरते ती नुसती फुसफुस. बास, सुरावट इत्यादींसाठी स्पंदाची रुंदी ० ते ४,०९५ या पट्ट्यात सावकाश हलवत ठेवतात. २,०४८ ला चौरस तरंग मिळतो. घंटेसारख्या नादासाठी त्रिकोणी तरंगावर रिंग मॉड्युलेशन (एका आवाजाच्या तरंगाने दुसऱ्याचा तरंग बदलणे) लावतात.

एकाच आवाजावर स्वरसंघाचे स्वर फ्रेमागणिक आळीपाळीने वाजवण्याची क्लृप्ती, अर्थात आर्पेजिओ, सिड संगीताची खूण मानली जाते. तिचे श्रेय कधी मार्टिन गॉलवे, तर कधी रॉब हबर्ड या खेळसंगीतकारांना दिले जाते. मोजके आवाज असलेल्या इतर चिपांवरही तोच मार्ग सुचणे साहजिक असल्याने, ती एकापेक्षा अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे निघाली असावी हे मत अधिक ग्राह्य वाटते. ध्वनिमुद्रित नमुन्यांचेही तसेच. ४ बिटांचे ध्वनिपातळीचे रजिस्टर भराभर बदलून होणारे खटके जोडले की चौथा आवाज मिळतो. गॉलवे यांच्या १९८७ मधील ‘अर्कनॉइड’ या खेळाच्या संगीतात तो ठळकपणे ऐकू येतो. पण १९८४ मधील ‘इम्पॉसिबल मिशन’ या खेळात मुद्रित बोलणे आधीच होते. तेव्हा गॉलवे यांना आद्य प्रवर्तक न म्हणता संगीतातील सुरुवातीच्या वापरकर्त्यांत गणणे बरे.

सिडच्या मूळ ६५८१ या आवृत्तीतील फिल्टर नगागणिक वेगळा वाजतो. फिल्टरवर बेतलेले वाद्य रचनाकाराच्या यंत्रावर खुलते, तर दुसऱ्याच्या यंत्रावर घुसमटते. नंतरच्या ८५८० चिपमध्ये फिल्टर एकसारखा झाला आणि एकत्रित (एका आवाजावर एकदम लावलेली) तरंगरूपे भरीव झाली. मात्र ध्वनिपातळीच्या रजिस्टरचे खटके मंदावल्याने जुने मुद्रित नमुने जेमतेम ऐकू येऊ लागले.

सुरुवातीचे रचनाकार वाद्यांचे आकडे थेट प्रोग्रॅममध्ये लिहीत. क्रिस ह्युल्सबेक यांचा ‘साउंडमॉनिटर’ हा संगीतरचनेचा प्रोग्रॅम १९८६ मध्ये एका जर्मन मासिकात प्रसिद्ध झाला आणि प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्यांनाही वाद्ये घडवता येऊ लागली. ‘गोटट्रॅकर’सारख्या अलीकडच्या साधनांत तरंगरूप, स्पंद व फिल्टर यांची स्वतंत्र कोष्टके असतात.